पुरं नाव टाका, साहेब

उजवा हात पुढे, तळवा समोरच्याकडे, चौकातल्या पोलिसासारखा. तो हात वर गेला की समजायचं, आता ते वाक्य येणार.

"पुरं सांगा."

कोणी आत येऊन सहज विचारायचं, "ताई, रमेशची गाडी निघाली का?" लगेच हात वर. "पुरं सांगा. कोनता रमेश, कोनाचा, कुठचा?" विचारणारा गोंधळायचा, डोकं खाजवायचा आणि मग सांगायचा की लोधीखेड्याचा, पांडुरंगाचा रमेश. मगच ताई कॉम्प्युटरकडे वळून उत्तर द्यायच्या. तोवर गाडी निघाली असली तरी सांगायच्या नाहीत.

पांढुर्ण्यात संत्र्याचा व्यापार करणाऱ्या एका कंपनीत आम्ही दोघी होतो. मी गाड्यांचं पाहायची. ताई कॉम्प्युटरचं आणि मेलचं पाहायच्या. त्यांचं सासर लोधीखेड्याचं, माझं घर सौसरला. त्या लोधीखेड्याहून बसमध्ये बसून यायच्या, सौसरला माझ्यासाठी पिशवी ठेवून जागा धरायच्या आणि तिथून पांढुर्ण्यापर्यंत आम्ही सोबत. त्यांच्याबद्दल जे काही मला माहीत आहे, त्यातलं निम्मं त्या बसमध्ये कळलेलं आहे.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, जे काहीच विसरत नाही. ताई त्यातल्या होत्या. पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर एक चहावाला आहे. त्याने एकदा ताईंच्या मागून आलेल्या माणसाला आधी चहा दिला. एकदाच. तेव्हापासून ताई त्याच्या टपरीसमोरून जाऊन पुढच्या टपरीवर चहा घ्यायच्या आणि तो ग्लास हातात धरून, सावकाश पीत, पुन्हा पहिल्याच्या समोरून परत यायच्या. मी म्हणायची, "ताई, त्याच्या ध्यानातबी नसन." त्या म्हणायच्या, "माह्या ध्यानात आहे न. बस."

मला त्यांचं हे फार आवडायचं, सांगून टाकते. लोक म्हणतात, सोडून द्या, मोठ्या मनाने घ्या. हे सांगणारे बहुतेक स्वतः कोणाच्या तरी पायावर पाय देऊन उभे असतात. मला डूख धरणारी माणसं आवडतात. निदान त्यांना कोणी काय केलं ते लक्षात तरी असतं.

आता आमच्या मॅनेजरसाहेबांबद्दल. ते सेठजींच्या नात्यातले, कंपनीत सगळ्यात जुने. अर्धे दिवस सौसरच्या छोट्या ऑफिसात बसायचे, अर्धे दिवस पांढुर्ण्याला. त्यांना कोणाचं नाव येत नसे. तिगावला आमचं पॅकिंगचं शेड आहे, तिथल्या बाया त्यांच्यासाठी "ए हिरवी साडी", "ए म्हातारे" अशा होत्या. मी "दुसऱ्या मॅडम" होते. पहिल्या मॅडम अर्थातच ताई. सेठजींचं नाव मात्र ते पुढे-मागे जी लावून, वाकून घ्यायचे. म्हणजे नाव घेता येत नव्हतं असं नाही.

तेव्हा आमचं मेल ऑफिसातल्याच एका यंत्रावर चालायचं. कोपऱ्यात टेबलाखाली ते घरघरत पडलेलं असायचं. सकाळी साहेबांनी नुसतं "मॅनेजर" टाकलं, पासवर्ड टाकला की मेल उघडायचं. एका दुपारी लाइट गेली, आली, परत गेली आणि त्या यंत्राने जीव सोडला. आंबिया बहाराची संत्री निघायचे दिवस, दिल्लीचे व्यापारी मेलची वाट पाहत बसलेले. ताईंनी सेठजींना सांगितलं की आता असं यंत्र घरात ठेवायचे दिवस गेले. बाहेर मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर असतात, त्यावर आपलं मेल ठेवू. पण त्यासाठी मेलच्या पत्त्याला आपलं एक वेगळं नाव लागेल.

कंपनीचं नाव कोणीतरी आधीच घेऊन बसलं होतं. सेठजी म्हणाले, "जे मोकळं असन ते घ्या. पन नाव शुभ पाह्यजे, आन व्यापाऱ्याच्या ध्यानात राह्यलं पाह्यजे."

ताईंनी तीन नावं सांगितली. पहिली दोन इतकी रटाळ होती की मला आज आठवतसुद्धा नाहीत. तिसरं नाव होतं 'गिरजाबाई तिगाव', सगळं जोडून.

सेठजी खूश झाले. "गिरजा म्हनजे पार्वती. आन तिगावले आपलं शेड आहेच. हेच घ्या." मग मॅनेजरसाहेबांकडे वळून म्हणाले, "काहो, बरोबर आहे न?"

साहेब मोबाइलमध्ये काहीतरी पाहत होते. मान वर न करता म्हणाले, "बढिया आहे, सेठजी."

ताई त्यांच्याकडे एकटक पाहत होत्या. मला तेव्हा वाटलं, बहुतेक पुढच्या कामाचं विचारायचं असेल.

नवीन मेल सुरू झालं त्या दिवशी सेठजींनी कॉम्प्युटरच्या पडद्याला हळदकुंकू लावलं आणि समोर उदबत्ती लावली. ताई हात बांधून शेजारी उभ्या. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

सौसरहून पहिला फोन आला तो तासाभरात. ताईंनी फोन स्पीकरवर टाकून टेबलाच्या मधोमध ठेवला. ऑफिसात आम्ही सगळे.

"मॅडम, हे घेऊन नाही राह्यलं. मी 'मॅनेजर' टाकून राह्यलो."

"पुरं नाव टाका, साहेब."

"पुरंच टाकलं. एम, ए, एन, सगळं टाकलं."

"ते अर्धं झालं. ॲटच्या पुढे काय आहे, ते बी टाका. पुरा पत्ताच आता तुमचं नाव आहे."

"कायले? पह्यले त नुसत्या मॅनेजरवर चालत होतं."

"पह्यले आपलं घर होतं, साहेब. आता त्या सर्व्हरवर हजारो कंपन्या आहेत. सगळ्यात एक एक मॅनेजर आहे. सौसरच्या बजारात कोनी 'ओ भाऊ' म्हनून आवाज देल्ला, त किती जन वळून पाह्यतीन? त्याले कसं समजन तुमी कोनते?"

"बरं. काय टाकू मंग?"

"समोर चिठ्ठीवर लिहून देल्लं आहे. मोठ्यानं वाचत वाचत टाका, म्हनजे कुठं चुकते ते मले समजन."

स्पीकरमधून चिठ्ठी उलगडल्याचा आवाज आला. मग साहेबांचा आवाज, अडखळत, "मॅनेजर... ॲट... गिरजाबाई तिगाव..."

"हाव. आता उघडलं का?"

"उघडलं."

ताईंनी फोन बंद केला, डबा काढला आणि अकरा वाजताच चून-भाकर खायला बसल्या. इतक्या चवीने खाताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

हे मग नेहमीचंच झालं. साहेबांच्या बोटांना "मॅनेजर"ची सवय. ते तेवढंच टाकायचे, पडदा लाल अक्षरांत नाही म्हणायचा, फोन वाजायचा, ताई स्पीकर लावायच्या. आम्ही हसू दाबायचो. आम्हाला वाटायचं, ताई साहेबांची गंमत करतात. कॉम्प्युटर विचारतो की तुमचं नाव लक्षात ठेवू का, तसं ठेवलं असतं तर हे सगळं एका दिवसात संपलं असतं. पण ताईंनी साहेबांच्या दोन्हीकडच्या कॉम्प्युटरवर अशी सोय केली होती की बंद केला की तो सगळं विसरायचा. साहेबांनी विचारलं तेव्हा त्या गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "तुमच्या मेलमधी सगळा धंदा आहे, साहेब. कोनी चोरलं त?" साहेबांना ते पटलं. आपल्या मेलमध्ये सगळा धंदा आहे हे ऐकायला कोणाला आवडत नाही.

एकदा साहेबांनी वैतागून थेट त्या सर्व्हरवाल्या कंपनीला फोन लावला. तिकडच्या मुलीने हिंदीत गोड आवाजात सांगितलं, "सर, पूरा ईमेल आयडी ही आपका लॉगिन है." ताईंनी ते ऐकलं आणि मला संध्याकाळी स्वतःहून समोसा खाऊ घातला.

गिरजाबाई कोण, हे मला त्याच संध्याकाळी बसमध्ये समजलं. मी सहज म्हटलं, "ताई, नाव कुठून सुचलं व तुमाले?"

त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "माही माय."

त्यांचं माहेर तिगावचं. गिरजाबाई आमच्याच शेडमध्ये संत्री निवडायच्या आणि तणसात भरायच्या, शेडवर टिनपत्रे यायच्या आधीपासून. एके दिवशी भरलेल्या पेट्यांची थप्पी घसरली आणि त्यांच्या कमरेवर आली. ताई तेव्हा शाळेत होत्या. कोणीतरी बोलावलं म्हणून धावत गेल्या, तर माय जमिनीवर आणि शेडसमोर कंपनीची जीप उभी. आत साहेब बसलेले. तेव्हाही तेच मॅनेजर होते.

"मी म्हनलं, साहेब, जीप द्या, तिले नागपूरले न्या लागते. म्हने, कोनाले? मी म्हनलं, गिरजाबाईले. त्यानं माह्याकडे पाह्यलं न म्हनला, या नावाची बाई आपल्याकडे नाही."

"मंग?"

"मंग काय. ड्रायव्हरले म्हनला, जा पांढुर्ण्याहून माहा डबा घेऊन ये. जीप डबा आनाले गेली."

बायांनी गिरजाबाईंना खाटेवर घालून स्टेशनवर नेलं. गाडीच्या डब्यात खाली तणस अंथरलं आणि त्यावर निजवून नागपूरला नेलं. जीव वाचला, पाय मात्र आखूड झाला. त्या परत शेडमध्ये गेल्या नाहीत, कोणी बोलावलंही नाही.

"दवाखान्यात शुद्धीवर आली तशी मले विचारते, साहेबानं काही विचारलं का व? आता मी काय सांगू. मी म्हनलं, हाव माय, विचारलं. म्हने, कशी आहे आपली गिरजाबाई?" ताईंनी मांडीवरची पिशवी सरळ केली. "मरेपर्यंत सगळ्या मोहल्ल्यात सांगत फिरली. लंगडत. साहेबानं मले विचारलं म्हने."

बस सौसरला आली होती. उतरायची मी, पण मी बसूनच राहिले.

"आन त्याले नावच आठवलं नाही," ताई म्हणाल्या. "सेठजीच्या समोर, त्याच्या तोंडावर मी ते नाव घेतलं. म्हने, बढिया आहे. मले काही नाही पाह्यजे त्याच्याकडून. फक्त एकदा त्याच्या तोंडून ऐकाचं आहे, का 'होती'. गिरजाबाई होती म्हना. बस."

"तोवर?"

"तोवर रोज तिचं नाव टाकल्याशिवाय त्याले दार उघडनार नाही." मग एकदम हसू आलं त्यांना. "आन सेठजीनं उदबत्ती लावली तिले. आमी बौद्ध मान्सं, माय असती त हसून हसून पडली असती."

त्या दिवसापासून स्पीकरवरचा तो फोन मी वेगळ्या कानांनी ऐकू लागले. बाकीचे हसायचे. मी हसत नसे, मी प्रत्येक अक्षर साहेबांच्या तोंडून बाहेर पडेपर्यंत वाट पाहायची. एखादं गिळलं तर मीच म्हणायची, "साहेब, आवाज कटून राह्यला, पुन्हा सांगा."

वर्षं गेली, नाव चाललं. दिल्लीचे व्यापारी आधी मेलवर आणि मग फोनवरही "गिरजाबाई का माल" म्हणू लागले. सेठजींनी ते संत्र्यांच्या प्लास्टिकच्या कॅरेटवर छापलं. मग तिगावचं शेड नवं बांधलं, तेव्हा त्यावर मोठा बोर्ड रंगवून घेतला. पूजेला सगळ्यांना बोलावलं, शेडमध्ये पूर्वी काम केलेल्या बायांनासुद्धा.

त्यात एक म्हातारी होती. तिने नातीला विचारलं, बोर्डावर काय लिहिलं आहे. नातीने वाचून दाखवलं. म्हातारी काही वेळ वर पाहत राहिली आणि मग सरळ मॅनेजरसाहेबांसमोर जाऊन तिने हात जोडले.

"भलं होवो तुमचं, साहेब. आमच्या गिरजाची आठवन ठेवली तुमी. कंबरडं मोडलं बिचारीचं इथीच, पन तुमी नाव देल्लं."

मी साहेबांच्या अगदी जवळ उभी होते. माणसाच्या चेहऱ्यावर एखादी गोष्ट इतक्या हळू उगवताना मी पाहिली नव्हती. आधी ते म्हातारीकडे पाहत राहिले. मग बोर्डाकडे. मग इतकी वर्षं रोज सकाळी एक एक अक्षर टाकणाऱ्या स्वतःच्या बोटाकडे. शेवटी ताईंकडे.

"ही गिरजाबाई कोन?"

ताईंचा हात वर गेला. "पुरं विचारा, साहेब."

"ही तिगावची गिरजाबाई कोन होती?"

"माही माय."

साहेब सेठजींकडे वळले. आवाज चढला होता. "सेठजी, हा धोका आहे. आपल्या कंपनीले हिनं आपल्या मायचं नाव चिकटवलं. देवीबिवी काही नाही. आजच काढा हे नाव, आन हिले बी काढा."

ताईंची नोकरी जाणार, नाव पुसणार आणि जीप दुसऱ्यांदा डबा आणायला जाणार, असं मला वाटलं. ताई हलल्यासुद्धा नाहीत. त्या फक्त साहेबांच्या तोंडाकडे पाहत होत्या.

सेठजींनी बोर्डाकडे पाहिलं. रंग अजून ओला होता. मग त्यांनी साहेबांना विचारलं, "आपल्याकडे होती का ते बाई कामाले?"

म्हातारी हातात प्रसाद घेऊन तिथेच उभी. मागे तिच्यासारख्याच आणखी चार-पाच. ज्यांनी खाट उचलली होती, त्याच. साहेबांनी त्या सगळ्यांकडे पाहिलं आणि खाली मान घालून काहीतरी पुटपुटले.

सेठजींना कमी ऐकू येतं. त्यांनी कानाला हात लावला. "काय?"

"होती, सेठजी."

"कोन होती?"

"गिरजाबाई. तिगावची. होती आपल्याकडे कामाले."

सेठजी काही संत नाहीत. ते म्हणाले, "मंग ठीक आहे न. दिल्लीवाले याच नावानं माल मांगून राह्यले. बोर्ड पुन्हा कोन रंगवन?" आणि ते प्रसाद वाटायला लागले. मला त्यांच्या कारणाशी काही घेणं नव्हतं. मला साहेबांची मान पाहायला मिळाली होती, तेवढी पुरे होती. ती मान आठवली की आजही माझ्या पोटाला थंडावा वाटतो.

परतताना बसमध्ये ताई खिडकीच्या गजाला डोकं टेकून बसल्या. मला वाटलं होतं, आज ही बाई नाचेल. सौसर जवळ आलं तेव्हा म्हणाल्या, "मी मायले खोटं सांगतलं होतं न, साहेबानं विचारलं म्हनून. आज विचारलं त्यानं. गिरजाबाई कोन, म्हने." आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. मी त्यांचा हात धरून बसले. त्या हातावर इतकं प्रेम मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर उतरल्यावर त्या सरळ पहिल्या टपरीवर गेल्या. ज्याने मागच्याला आधी चहा दिला होता, त्याच्याकडे. दोन चहा सांगितले. तो बिचारा नेहमीच्या गिऱ्हाइकासारखं हसला. मी चहा घेतला नाही. मला राग आला होता, असं एका दिवसात सगळं संपवून टाकतात का?

त्यांचं खरंच संपलं होतं. फोन आला तरी त्या स्पीकर लावेनाशा झाल्या. पुढच्या बहारापर्यंत त्यांनी नोकरी सोडली. लेक नागपूरला असते, तिच्याकडे गेल्या. जायच्या आधी मेलचं सगळं काम मला शिकवलं, सगळे पासवर्ड माझ्या हाती दिले आणि शेवटी म्हणाल्या, "त्याचं आता सेव्ह करून दे व. बस झालं. म्हातारा झाला तो बी."

"हाव ताई, करते," मी म्हटलं.

कधी कधी फोनवर विचारतात, "केलं का त्याचं?" मी सांगते, केलं.

मी केलेलं नाही. ताईंना त्यांच्या मायसाठी जे हवं होतं ते मिळालं, त्यांनी सोडलं, तो त्यांचा हक्क. पण ज्या दिवशी ती जीप डबा आणायला न जाता गिरजाबाईंना घेऊन नागपूरला निघेल, त्या दिवशी मी सेव्ह करून देईन. तोवर नाही.

साहेब आता रोज पांढुर्ण्यालाच बसतात, माझ्या टेबलाच्या बाजूला. माझं पूर्ण नाव त्यांना आता येतं. आज सकाळी त्यांनी चष्मा पुसला, "मॅनेजर" टाकलं आणि थांबून माझ्याकडे पाहिलं.

"सेव्ह करून द्या न, बाई. डोळ्याले दिसत नाही आता."

बसमधली माझ्या शेजारची ताईंची जागा आता रिकामी असते. मी उजवा हात पुढे केला, तळवा त्यांच्याकडे.

"पुरं नाव टाका, साहेब."

ते खाली वाकले. एका बोटाने, ओठ हलवत, एक एक अक्षर पुटपुटत टाकू लागले. तिगाव येईपर्यंत मी हात खाली घेतला नाही.